क्रूडपुढची मोकळी जागा

पगारे सरांच्या फोनला 'हॅलो' नसायचं. सकाळी गॅसवर दूध ठेवलेलं असायचं, डबा भरायचा राहिलेला असायचा, पहिल्या तासाला पोहोचायची घाई असायची, आणि नेमका तेव्हाच फोन वाजायचा. उचलला की पलीकडून थेट प्रश्न यायचा, "मॅडम, भांडायला वेळ आहे का?" नाही म्हटलं तर ते म्हणायचे, "बरं, मग थोडक्यात भांडू." त्यांच्या थोडक्यात भांडण्यात माझं दूध किती वेळा उतू गेलं असेल ते माझ्या ओट्यालाच ठाऊक.

भांडण कधी घरचं नसायचं, कॉलेजातलंही नसायचं. ते एखाद्या शब्दाचं असायचं. आम्ही दोघं नाशिकरोडच्या एकाच कॉलेजात. ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. आमच्याकडे येणारी बरीच मुलं पेठ, सुरगाणा, इगतपुरी, सटाणा अशा भागांतली, मराठी शाळांत शिकलेली. बारावीपर्यंत कशीबशी येतात आणि पहिल्या वर्षाचं इंग्रजी पुस्तक उघडलं की गळपटतात. त्यांच्यासाठी एक छोटा इंग्रजी-मराठी कोश करावा, असं कॉलेजने ठरवलं. इंग्रजीची बाजू सरांकडे आणि मराठीची माझ्याकडे आली. दर रविवारी त्यांच्या उपनगरच्या घरी बसायचं ठरलं. मला वाटलं होतं, वर्षभरात हातावेगळं होईल. या माणसाला मी तेव्हा नीट ओळखत नव्हते, एवढंच त्याचं कारण.

सर दिसायला अगदी साधे. उंच, जरा वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात लाल पेन. ते लाल पेन हाच माझा खरा वैरी होता. मी कुठलाही अर्थ लिहून दिला की ते पेन निघायचं आणि समासात एकच शब्द उमटायचा, 'कच्चं'. कुठे चुकलं ते सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "चुकलं नाही मॅडम. शिजलं नाही." त्यांच्या पत्नी, कुंदावहिनी, सिव्हिल हॉस्पिटलात सिस्टर होत्या. त्या आतून चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "यांना घरी सगळं जास्त शिजलेलं लागतं, भातसुद्धा. तुम्ही मनावर घेऊ नका."

सरांचा एक नियम होता आणि त्याने माझे कितीतरी रविवार खाल्ले. वस्तू बघितल्याशिवाय शब्द लिहायचा नाही. म्हणजे एखाद्या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द द्यायचा तर ती वस्तू हाताळणारं माणूस तिला काय म्हणतं ते आधी कानाने ऐकायचं. संस्कृतातून जोडून केलेले शब्द त्यांना चालत नसत. मी एकदा 'अपरिष्कृत' लिहिलं. त्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही तुमच्या आईसमोर बोलाल का?" माझी आई सटाण्याकडची, अहिराणी बोलणारी. त्यांनी तिथल्या तिथे माझ्याच फोनवरून तिला फोन लावला आणि तो शब्द वाचून दाखवला. आई म्हणाली, "हाई काय शे?" सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि लाल पेन काढलं.

तरीही कोश पुढे सरकत होता. भांडत का होईना, आम्ही शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचलो. राहिला तो एकच शब्द, क्रूड.

तसा हा शब्द काही अवघड नाही. ज्यावर माणसाचा हात अजून फिरलेला नाही, जे जसं निघालं तसंच आहे, ते क्रूड. जमिनीतून उपसलेलं तेल क्रूड. दगडाचं ओबडधोबड हत्यार क्रूड. घाईत बांधलेला अंदाज क्रूड. मी तीन-चार मराठी शब्द लिहून मोकळी झाले. सरांनी कागद बाजूला ठेवला. "मॅडम, हा शब्द जुना आहे," ते म्हणाले. "आधी याचं घराणं बघू."

मग घराणं बघणं सुरू झालं. लॅटिनमधला मूळ शब्द, त्याचा अर्थ कच्चं, न शिजलेलं, न पचलेलं. त्याच्याही मागे रक्ताचा शब्द. म्हणजे मुळात क्रूड म्हणजे नुकतं कापलेलं, रक्त न सुकलेलं मांस. मी शाकाहारी आहे हे माहीत असल्यामुळे हा भाग त्यांनी चांगला रंगवून सांगितला. इंग्रजीतला 'रॉ' त्याच कुळातला. मी चिडून म्हटलं, "मग आमच्याकडचाही घ्या. संस्कृतात क्रव्य म्हणजे कच्चं मांस. चितेच्या अग्नीला क्रव्याद म्हणतात. आणि क्रूर त्यातलाच."  सर चष्मा काढून पुसत म्हणाले, "म्हणजे क्रूड आणि क्रूर भाऊभाऊ. आणि आपण इतकी वर्षं एकाच गावात राहून यांची ओळख करून दिली नाही." एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मला वाटलं, आता झालं. पण सरांच्या मते आता कुठे सुरुवात झाली होती.

मग वस्तू बघायला निघालो. कॉलेज रोडला लाकडी घाण्याच्या तेलाचं एक झकपक दुकान आहे. सरांनी तिथल्या मालकाला सरळ विचारलं, "तेल क्रूड आहे का?" मालक दुखावला. म्हणाला, "सर, आमच्याकडे क्रूडबिड नाही. प्युअर माल आहे." सरांनी त्याला समजावलं की गाळून, उकळून साफ न केलेलं तेल ते क्रूड, म्हणजे तुमचंच. मालकाने नोकराला सांगितलं, "यांना दुसरीकडं पाठव." रस्त्यावर आल्यावर सर हसत होते आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. "बघा मॅडम," ते म्हणाले, "माझ्या लहानपणी घाण्याचं तेल गरीब खायचे, डबाबंद तेल साहेबाच्या घरी. आता उलटं झालं. तेलाचं नशीब पालटलं, पण शब्दाचं नाही पालटलं. तेल विकायचं तर नाव बदलावं लागतं."

तांबट आळीत एका घरी ठोका न पडलेलं भांडं पाहिलं. घोटीला भाताच्या गिरणीत जाऊन भरड पाहिली, हातात घेऊन चोळली. सरांच्या शेजारी ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ राहायचे. ते म्हणाले, "आमच्यात क्रूड कोणी म्हणत नव्हतं. आम्ही रफ म्हणायचो. आधी रफ काढायचं, मग फिनिशिंगला द्यायचं." सर खूष. "हा झाला मराठी शब्द," म्हणाले. मी म्हटलं, "रफ इंग्रजी आहे." तर म्हणतात, "होता. आता त्याचं रेशन कार्ड इथलं आहे."

अशा माणसाशी काय बोलायचं? मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडायचे. त्याने बिचाऱ्याने फक्त जेवायला काय आहे असं विचारलेलं असायचं.

घोटीहून परतताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. गाडी मुंढेगावच्या पुढे आली असेल. मी माझं रडगाणं पुन्हा लावलं, की सगळा कोश तयार आहे, एका शब्दासाठी अडवू नका, जे चार अर्थ आहेत ते देऊन टाकू. ते म्हणाले, "चारांबद्दल भांडण नाही मॅडम. पाचव्याबद्दल आहे." आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, अगदी सहज, चण्याची पुडी पुढे करत.

त्यांचे वडील इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते. सर नाशिकला कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच चाचणीनंतर इंग्रजीच्या मास्तरांनी त्यांचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं आणि 'क्रूड' म्हणून पेपर टेबलावर टाकला. वर्ग हसला. सरांना शब्दच माहीत नव्हता, म्हणून तेही हसले. मग लायब्ररीत जाऊन त्यांनी मोठा कोश उघडला. कच्चा. ओबडधोबड. आणि शेवटी, माणसाविषयी, गावंढळ, असंस्कृत.

"मास्तरांचं नाही लागलं मला," सर म्हणाले. "मास्तर त्या दिवशी घरून भांडून आलेला असेल. पण कोश कशाला रागावेल माझ्यावर? कोशात लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार, असं वाटलं. छापलेलं होतं ना."

मी म्हटलं, "मग तो अर्थ आपण गाळू." त्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कसा गाळणार? शब्दाला तो अर्थ आहे. उशिरा चिकटला, पण चिकटला. उद्या एखाद्या पोराला कोणी क्रूड म्हणालं, त्याने आपला कोश उघडला, आणि त्यात नुसतं जमिनीतलं तेल निघालं, तर ते पोर समजेल की सर आपल्यावर खूष आहेत. हसणाऱ्यांत तेही हसेल. माझ्यासारखं." पुडीतले शेवटचे चणे त्यांनी मला दिले. "द्यायचा तर ते पोर दुखावतं, गाळायचा तर ते फसतं. सांगा, काय लिहू?"

मला तेव्हा त्यांचं दुःख समजलं, पण माझा राग काही गेला नाही. समजणं वेगळं आणि कोश अडकून पडणं वेगळं. दर जूनमध्ये नवी मुलं येत होती, मोबाईलमध्ये शब्द टाकत होती आणि त्यात येणारं काहीतरी अगम्य मराठी वहीत उतरवत होती. आमचा कोश मात्र सरांच्या कपाटात बसून होता.

त्यातच ती स्पर्धा झाली. आमच्या कॉलेजात इंग्रजी वक्तृत्वाची स्पर्धा होती, बाहेरच्या कॉलेजांतून मुलं आली होती, सर परीक्षकांत होते. सुरगाण्याकडची एक मुलगी पाणी या विषयावर बोलली. दोन-तीन शब्दांची वाक्यं. आम्ही चालतो. आम्ही पाणी वाहतो. आई थकते. पाठ केलेला एकही शब्द नाही. मला ते भाषण फार आवडलं होतं. शेवटी प्राचार्य बोलायला उभे राहिले आणि एकेका स्पर्धकाबद्दल शेरा देत तिच्यापाशी आले. म्हणाले, विषय चांगला होता, पण मांडणी जरा क्रूड.

मी सरांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, देवा, यांना बसवून ठेव. ते उठलेच. हात वर करून, शाळेतल्या मुलासारखं. "सर, एक शंका. क्रूड म्हणजे कुठल्या अर्थी? कच्चं, न पचलेलं, का रक्ताळलेलं?" हॉलमध्ये हशा पिकला. प्राचार्य हसले, पण नुसते दातांनी. सर उभेच. "कारण मूळ अर्थ घेतला तर शेरा बरोबर आहे. तिचं बोलणं ताजं होतं. तुम्हाला तोच अर्थ म्हणायचा असेल ना?" प्राचार्यांनी घड्याळ बघितलं आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

कार्यक्रम संपल्यावर सर त्या मुलीला शोधत कँटीनपर्यंत गेले. मीही मागे. ती वडापाव खात होती. सरांनी तिला फार हळुवारपणे सांगितलं, की त्या शब्दाचं मनावर घेऊ नकोस, त्याचा मूळ अर्थ वाईट नाही. तिने घास गिळला आणि विचारलं, "सर, माझा नंबर आला का?" सर म्हणाले, "नाही." "मंग ते काय म्हनले त्याचं मी काय करू? माझी गाडी जाईल सर." पिशवी उचलून ती निघालीसुद्धा. सर बराच वेळ त्या रिकाम्या बाकाकडे बघत उभे होते.

प्राचार्यांनी मात्र मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात मला बोलावून ते गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, कोशाचं आपण पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही, हे कॉलेजात शिपायालाही कळतं. मी तडक सरांच्या घरी गेले. आयुष्यात एवढं कुणाला बोलले नसेन. एका शब्दापायी सगळा कोश घालवलात, तुम्हाला मुलांचं काही नाही, तुम्हाला फक्त तुमच्या त्या जुन्या मास्तरांशी भांडायचंय आणि ते भेटत नाहीत म्हणून तुम्ही सगळ्या जगाला उभं करून ठेवलंय. कुंदावहिनी दारात ऐकत उभ्या होत्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मात्र पूर्ण शिजलेलं बोललात." मग उठून स्वतः चहा टाकायला गेले. मी तो चहा प्यायले नाही.

सर रिटायर झाले. मी पायपीट करून मेन रोडवरचा एक छोटा प्रकाशक गाठला, रमेशभाऊ नावाचा, जो मुख्यतः गाइडं छापायचा. तो तयार झाला. त्याने पानं चाळली, क्रूडपुढची मोकळी जागा बघितली आणि म्हणाला, "मॅडम, एक शब्द नसला तर कोण बघतंय?" सर शेजारीच बसले होते. म्हणाले, "ज्याला लागेल तो बघेल." रमेशभाऊने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्याची फार दया आली. मी त्या नजरेने बरीच वर्षं आरशात बघत होते.

त्या बैठकीत सरांनी आणखी एक हट्ट केला. शेवटच्या पानावर आमचे फोन नंबर द्यायचे. "चूक सापडली तर पोरांनी कुणाला विचारायचं? छापलेल्याशी भांडता आलं पाहिजे." मी म्हटलं, रिकामटेकडे लोक वेळीअवेळी फोन करतील. ते म्हणाले, "करू द्या. मी नाही का करत?"

एका सकाळी फोन आला. दूध गॅसवर. "मॅडम, भांडायला वेळ आहे का? सापडलं. लिहून घ्या." आणि त्यांनी सावकाश सांगितलं, "माणसाविषयी, अनादराने: बोलणाऱ्याला जो आपल्यातला वाटत नाही, असा."

मी लिहून घेतलं, वाचलं आणि म्हटलं, "सर, हा अर्थ नाही. हा टोमणा आहे."

"का?"

"कोशाने शब्दाचा अर्थ द्यायचा. शब्द वापरणाऱ्याच्या मनाची उलटतपासणी करायची नाही. आणि उद्या मुलांनी परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील."

 मला त्यांच्या घरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. "मार्क जातील हे खरं," ते म्हणाले. "बरं, मग राहू द्या मोकळं. बघू अजून." माझं म्हणणं बरोबरच होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. पण त्यांनी एवढ्या लवकर कधीच हार मानली नव्हती आणि मला ते विचित्र वाटलं. दूध त्या दिवशीही गेलंच.

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. आले तरी भांडण लवकर संपायचं. छातीत दुखतं असं कधी म्हणाले नाहीत. वहिनी जन्मभर हॉस्पिटलात, पण त्यांनाही नाही सांगितलं. मग एक दिवस त्यांच्या नंबरावरून फोन आला आणि पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं. मला तिथेच कळलं. वहिनी होत्या. पुढचं त्यांनी सांगितलं, पण मी ऐकलं नाही.

अमरधामला खूप मुलं आली होती, जुनी, नवी. बौद्ध पद्धतीने सगळं झालं, वंदना झाली, कोणीतरी दोन शब्द बोललं. अग्नी दिला तेव्हा मला एकच शब्द आठवत राहिला, क्रव्याद, मीच त्यांना चिडून शिकवलेला. नको तिथे नको ते आठवतं माणसाला. मला सरांचा इतका राग आला होता की रडू येत नव्हतं. सगळा कोश मागे ठेवून, मधली एक ओळ तेवढी अर्धी टाकून, हा माणूस निघून गेला होता. आणि आता ती मी भरायची होती.

रमेशभाऊने घाई लावली. जूनच्या आत पुस्तक आलं पाहिजे, नाहीतर विकलं जाणार नाही, आणि हल्ली तसंही कोण विकत घेतं, मोबाईलमध्ये सगळं मिळतं. मी वहिनींकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा काय करू. त्या म्हणाल्या, "लिहून टाका हो काहीतरी. त्यांनी जन्मभर ते एक पान धरून ठेवलं. तुम्ही नका धरू." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण खोटं नका लिहू. ते उठून बसतील."

मी घरी आले. कच्चं, न शिजलेलं. ओबडधोबड. हात न फिरलेलं, जसं निघालं तसं. घाईचं, ढोबळ. भरड लिहिलं, रफसुद्धा लिहिलं. मग माणसाविषयी. मी 'असंस्कृत' लिहिलं आणि आई आठवली. 'गावंढळ' लिहिलं आणि लायब्ररीत उभा असलेला एक मुलगा आठवला. दोन्ही खोडलं. शेवटी मी जे टोमणा म्हणून नाकारलं होतं तेच उतरवलं, त्यांच्याच शब्दांत, अनादराने या शब्दासकट. ते मला पटलं होतं म्हणून नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं आणि जागा मोकळी ठेवायची माझी हिंमत नव्हती.

प्रूफ आलं. मी ते पान जेवणाच्या टेबलावर ठेवून बसले. जन्मात पहिल्यांदा मी लिहिलेल्या पानावर कोणी लाल रेघ मारली नव्हती. रमेशभाऊ फोनवर म्हणाला, "मॅडम, एकही चूक नाही." मी त्याच्यावर विनाकारण खेकसले. बिचाऱ्याला वाटलं, मॅडमना पानांचा कागद आवडला नाही.

पुस्तक निघालं. घोटीच्या, पेठच्या, सटाण्याच्या कॉलेजांत थोड्या प्रती गेल्या. शेवटच्या पानावर आता एकच नंबर होता, माझा. कुणाचा फोन येणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि बरेच दिवस आलाही नाही. सकाळची दुधं सुरळीत तापत होती. ओटा इतका स्वच्छ राहायचा की बघवत नव्हतं.

परवा सकाळी अनोळखी नंबर आला. मी उचलला.

"ते डिक्शनरीवाल्या मॅडम का?" मुलीचा आवाज होता, मागे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न.

"हो, बोलतेय."

"मी घोटीहून बोलती. तुमच्यामुळं माझा मार्क गेला."

मला आधी कळलंच नाही. तिने ओळ वाचून दाखवली, अडखळत नाही, चांगली ठणठणीत. माणसाविषयी, अनादराने, बोलणाऱ्याला जो आपल्यातला वाटत नाही, असा. "हेच लिवलं मी टेस्टला. सरांनी अख्ख्या उत्तरावर लाल रेघ मारली. म्हनले, हा काय अर्थ हाय का, हे तर कुनाला तरी टोचून बोलल्यासारखं हाय. मी म्हनलं, पुस्तकात हाय. तर म्हनले, पुस्तकात कायबी असतं. आता सांगा, तुम्ही लय शिकलेल्या. बरोबर कोन?"

तुझे सर बरोबर आहेत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते जे म्हणाले तेच मी कधीकाळी याच ओट्याजवळ उभी राहून पगारे सरांना म्हटलं होतं. माफी मागून, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते म्हणून फोन ठेवणं सोपं होतं. तेवढ्यात माझं पातेल्याकडे लक्ष गेलं. कडेने साय उचलायला लागली होती. मी गॅस बंद केला.

"काय नाव तुझं?"

"वैशाली."

"वैशाली, भांडायला वेळ आहे का?"

 हॉर्न वाजत राहिले. "कोनाशी? सरांशी का तुमच्याशी?"

"आधी माझ्याशी."

"हाय ना," ती म्हणाली. "कॉलेज उशिरा हाय माझं."

मी खुर्ची ओढून बसले.